सिंह दिसला नाही म्हणून दिवस वाया गेला?

बोत्स्वानाची सहल करून आलेल्यांकडून एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. जीप सफारी उत्तम, तंबू उत्तम, जेवण उत्तम; होडीचा दिवस मात्र फुकट गेला. हा होडीचा दिवस म्हणजे ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशातला मोकोरोचा दिवस. सकाळी माउन गावाहून निघायचं, अरुंद आणि लांबट मोकोरोत दोघादोघांनी पाय पसरून बसायचं. मागे नावाडी उभा राहतो आणि लांब काठीने तळ रेटत होडी पुढे नेतो. दुपारी एखाद्या बेटावर उतरून त्याच्यामागून पायी हिंडायचं, सावलीत जेवायचं, उन्हं कलली की परत. एवढे पैसे मोजून आफ्रिकेत जायचं आणि दिवसभर लव्हाळी बघायची, असा या मंडळींचा सूर असतो.

मला हा सूर साफ नामंजूर आहे. ओकावांगोत वेळ कमी पडत असेल तर जीपची एक फेरी गाळावी, मोकोरो गाळू नये.

'काही दिसत नाही' असं म्हणणाऱ्याच्या डोक्यात पाच नावांची यादी असते: सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस. ही यादी शिकाऱ्यांनी केलेली आहे. पायी शिकार करताना जी जनावरं मारायला सर्वांत अवघड आणि सर्वांत घातक, ती ही पाच. बंदूकवाल्यांनी केलेली यादी पुढे कॅमेरेवाल्यांच्या हाती आली आणि जंगल पाहण्याचं मापच होऊन बसली. मोकोरोला हे माप लावायचं कारण नाही. तिथे बसलेल्याचा डोळा पाण्यापासून जेमतेम हातभर वर असतो आणि त्या उंचीवरून जे दिसतं ते जीपच्या टपावरून जन्मात दिसत नाही. लव्हाळ्याच्या काडीला बोटाच्या पेराएवढा बेडूक चिकटलेला असतो. भर उन्हात त्याचा रंग पांढुरका पडतो, त्यामुळे दाखवून दिल्याशिवाय तो सापडत नाही. कुमुदाच्या पानांवरून लांब बोटांचा कमळपक्षी चालत असतो. एखादा नर जरा विचित्र दिसतो, त्याच्या पंखाखालून बारीक पायांचा झुबका लोंबत असतो. धोका वाटला की तो पिल्लांना दोन्ही पंखांखाली काखोटीला मारतो आणि चालू लागतो, आणि बाहेर लोंबतात ते त्यांचे पाय. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं, सगळं त्यानेच करायचं. मादी तोवर दुसऱ्या नराकडे गेलेली असते. आपल्या तळ्यांवरचा कांस्यपंखी कमळपक्षीही हेच करतो. ज्याने ओकावांगोत हे पाहिलं, तो गावाकडच्या तळ्याशी आला तरी काठावर थबकेल.

मोठी जनावरं दिसतच नाहीत, हेही खरं नाही. बोत्स्वानात एक लाख तीस हजारांच्या आसपास हत्ती आहेत, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त, आणि पाण्याकाठी ते येतातच. लेचवे नावाची कुरंगं तर पाण्याचीच रहिवासी. मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब असल्याने ती गुडघाभर पाण्यातून उसळ्या घेत पळतात.

पण मोकोरोत बसून सर्वांत मोलाचं काही पाहायला मिळत असेल, तर ती या प्रदेशाची घडण. अंगोलाच्या डोंगराळ भागात साधारण जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस शेकडो किलोमीटरची वाट कापत इथे जून ते ऑगस्टमध्ये पोचतो, म्हणजे बोत्स्वानात पावसाचा थेंबही नसतो तेव्हा. कोरड्या हंगामात पूर येतो. जमीन इतकी सपाट की पाणी घाईने कुठे जाऊच शकत नाही. ते पसरतं आणि जवळजवळ सगळं उन्हात आणि झाडापानांतून हवेत निघून जातं. समुद्र या नदीच्या नशिबी नाही. असं असूनही इथलं पाणी गोडं कसं राहतं, याचं उत्तर बेटावर उतरल्यावर मिळतं. अनेक बेटांची सुरुवात वारुळापासून झालेली आहे. वाळवीने उभारलेला उंचवटा पाण्याबाहेर राहिला, त्यावर पक्ष्यांनी बिया टाकल्या, झाडं वाढली. ही झाडं जमिनीतलं पाणी शोषतात, क्षार मात्र मागे राहतात आणि बेटाच्या मध्याखाली साठत जातात. म्हणून कडेला दाट झाडांचं कडं आणि आत उघडी, पांढरट, खारवलेली जमीन असं बेटाचं रूप. कडेची झाडं ओलांडून दहा-वीस पावलं आत गेलं की बुटाखाली क्षाराची पापडी मोडते. सिंह दिसला नाही म्हणून हळहळणारा माणूस वाळवीने आणि झाडांनी मिळून गोडं ठेवलेल्या हजारो चौरस किलोमीटर पाण्यात दिवसभर बसलेला असतो आणि त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. सांगणारा त्याच्या पाठीशी काठी घेऊन उभा असतो, पण त्याला हे विचारायचं राहून जातं.

इथेच दुसरा आक्षेप येतो आणि तो घेणारे लोक वेगळे आहेत. ही आपली सह्याद्रीत पाठपिशवी घेऊन भटकलेली, मनापासून रानाची ओढ असलेली मंडळी. वाटाड्या सोबत असला की ते रान उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. वल्हं स्वतः मारावं, वाट स्वतः शोधावी, चुकलं तर चुकावं. कॅनडात किंवा मिनेसोटाच्या सरोवरांत लोक एकटे कनू घेऊन आठ-आठ दिवस जातात, मग इथेच बोट धरून कशाला चालायचं?

या मंडळींबद्दल मला आदर आहे, पण ओकावांगोपुरतं त्यांचं म्हणणं चूक आहे. पाणघोडा दिवसभर खोल पाण्यात बुडून असतो आणि रात्री चरायला काठावर चढतो. त्याच्या रोजच्या ये-जा करण्याने लव्हाळ्यांतून वाटा पडतात आणि त्याच पुढे पाण्याचे प्रवाह होतात. म्हणजे नवख्याला जी वाट मोकळी, सोयीची वाटते, तीच नेमकी पाणघोड्याची असते. नावाडी ती टाळतो. तो उथळ पाणी धरून, पानं घासत, कडेकडेने जातो. वळणाआधी काठी थांबवून कान देतो. पुढच्या डोहावर बुडबुड्यांची रेघ दिसली, तर होडी लव्हाळ्यांत घालून वाट पाहतो. फुत्कार उजवीकडून आला की डावीकडची अरुंद फट धरतो. पाणघोड्यांनी होड्या उलटवल्याच्या घटना घडलेल्या आहेत, माणसं जखमी झाली आहेत, दगावलीही आहेत. तेव्हा हा धोका मी लपवत नाही. उलट तो आहे म्हणूनच म्हणतो की वाटाड्याला वगळून रानाच्या जवळ जाता येतं ही समजूत सोडावी. पाण्याचा रंग, पक्ष्यांचं अचानक उठणं, वाऱ्याची दिशा, वाळूवरचा ओला ठसा, हे सगळं त्याला वाचता येतं आणि आपल्याला येत नाही. ते एका दिवसात येणारही नाही. त्याच्या सोबतीने निदान चार अक्षरं तरी कळतात.

शिवाय माणसाचा वावर नसलेलं रान म्हणजेच खरं रान, ही कल्पना ओकावांगोला लागूच पडत नाही. बायेई लोक अठराव्या शतकात उत्तरेकडून इथे उतरले ते मोकोरो घेऊनच. बसारवा हे इथले मूळ रहिवासी तर त्यांच्याही कितीतरी आधीपासूनचे. जुनी मोकोरो एकाच खोडातून कोरलेली असे, बहुतेक वेळा किगेलियाच्या किंवा जॅकलबेरीच्या. किगेलिया म्हणजे आपल्याकडच्या बागांत आणि कॉलेजांच्या आवारांत दिसणारं, लांब दांड्यांना जड फळं लोंबणारं झाड. जॅकलबेरी तर आपल्या तेंदूच्याच कुळातली. आता मोठी झाडं वाचावीत म्हणून बहुतेक मोकोरो फायबरच्या झाल्या आहेत आणि जुन्या लाकडी होडीसाठी हळहळणाऱ्या छायाचित्रकारांनी हे कारण लक्षात घ्यावं. मोरेमी अभयारण्य १९६३ साली झालं तेही इथल्या बटावाना लोकांनी, आपल्या राज्यकर्तीच्या पुढाकाराने, स्वतःच्या ताब्यातली जमीन शिकारीपासून राखून ठेवली म्हणून. त्यात बसारवांना आपली ठिकाणं सोडावी लागली, हेही सांगायला हवं. २०१४ मध्ये युनेस्कोने ओकावांगोला जागतिक वारसा म्हटलं, यादीतलं ते हजारावं स्थळ. त्याच्या कितीतरी आधीपासून या पाण्यावर माणसांच्या काठ्या चालत आल्या आहेत.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. एक काळा माणूस उन्हात उभा राहून होडी ढकलतो आणि बाहेरून आलेले पैसेवाले पाय पसरून बसतात, हे दृश्य बघवत नाही. ज्याला हे खटकतं त्याची संवेदना जागी आहे, असंच मी म्हणेन. पण त्यावर उपाय म्हणून तो मोकोरोत बसायचंच टाळतो आणि मोठ्या लॉजची मोटरबोट घेतो, तेव्हा त्याचे पैसे लॉजमालकाकडे जातात. उभ्या माणसाची मजुरी बुडते, एवढंच त्यातून साधतं. मोकोरो हाकणं हे अंगमेहनतीइतकंच डोक्याचं काम आहे. बोत्स्वानात वाटाड्याला परवाना लागतो, त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. ओकावांगोच्या काठच्या गावांनी आपले ट्रस्ट काढले आहेत, नावाडी त्यांतून पाळीपाळीने कामावर येतात आणि आता त्यांत बायकाही आहेत. या पैशातलं किती गावात राहतं, यावर भांडण जरूर व्हावं. तो प्रश्न खरा आहे. बसणाऱ्याला लाज वाटते म्हणून धंदाच बंद पडावा, हे मात्र त्या नावाड्याला विचारून पाहा.

त्याच्या पोटापाण्याचा धागा थेट पाण्याशी जोडलेला आहे. २०१९ मध्ये पूर फारच तोकडा आला, ठिकठिकाणी पात्रं उघडी पडली आणि जिथे पाणी नाही तिथे मोकोरो चालली नाही. जीपला असली अडचण नसते. २०२१ मध्ये नामिबियात, याच नदीच्या खोऱ्यात, एका परदेशी कंपनीने तेलासाठी चाचणी विहिरी खोदल्या, तेव्हा खालच्या अंगाच्या गावांना घोर लागला तो उगीच नव्हे. ज्या प्रवासाचं साधनच पाण्यावर अवलंबून आहे, त्या प्रवासावर जगणारी माणसं पाण्याची राखण करतात. मोकोरोच्या बाजूने माझ्याकडे याहून मोठा मुद्दा नाही.

हे सगळं आपल्याला आफ्रिकेपुरतं ठेवता येत नाही. २०२४ च्या अखेरच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवून धरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. पाच नावांची यादी आपल्याकडे एका नावावर आली आहे, इतकाच फरक. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगावात, मच्छीमार पर्यटकांना रोहित दाखवायला होडीतून नेतात. त्यांना पक्ष्यांच्या सवयी तोंडपाठ आहेत. किती अंतरावर थवा मान वर करतो, किती अंतरावर चालू लागतो आणि कुठे उडतो, हे ते जाणतात. तरी होडीतून 'जरा जवळ घ्या ना' हा हट्ट सुटत नाही, कारण उडत्या थव्याचा फोटो हवा असतो. खायला उतरलेला पक्षी असा पुनःपुन्हा उठवला की त्याचं खाणं राहतं आणि ताकद उडण्यात जाते. नावाडी हे जाणतो, पण गिऱ्हाईक नाराज होईल म्हणून गप्प बसतो. त्याला गप्प बसवणारे आपणच.

म्हणून आफ्रिकेची सहल ठरवणाऱ्यांना माझं सांगणं आहे: कार्यक्रमपत्रिकेतला मोकोरोचा दिवस खोडू नका. नावाडी गावच्या ट्रस्टचा आहे ना आणि त्याच्याकडे परवाना आहे ना, हे सहल कंपनीला पैसे भरण्याआधी विचारा. होडीत त्याचं ऐका, तो थांबला की थांबा, आणि बक्षिशी द्यायची ती त्याच्याच हातात द्या. आणि त्याआधी, येत्या हिवाळ्यात, भिगवणला जा. मोटर न लावता काठीने किंवा वल्ह्याने नेणारा नावाडी शोधा, आणि होडीत बसतानाच त्याला सांगा की अंतर तुम्ही ठरवा, आम्ही जवळ घ्या म्हणणार नाही.