पहिले पिस्तूल कोणते घ्यावे?

बिदर शहरात १६ जानेवारी २०२५ रोजी भर दिवसा, एटीएममध्ये भरायची रोकड नेणाऱ्या गाडीवर दोघा जणांनी गोळ्या झाडल्या. एका कर्मचाऱ्याचा जीव गेला, दुसरा जखमी झाला आणि ऐंशी लाखांहून अधिक रुपये मोटारसायकलवरून पसार झाले. त्याच दिवशी त्या दोघांनी हैदराबादेतही गोळीबार केला. या घटनेनंतर त्या भागातल्या अडत्यांच्या, सराफांच्या आणि कंत्राटदारांच्या गप्पांत एक नवा विषय शिरला. परवाना काढायचा का? आणि काढला तर पहिले पिस्तूल कोणते घ्यायचे?

माझी सासुरवाडी भालकी तालुक्यातली. धाकट्या मेव्हण्याचे अडतीचे दुकान आहे. तूर, सोयाबीन, हरभरा असा व्यवहार. सरकारी कारकुनीत काही वर्षे शस्त्रपरवान्यांचे टेबल माझ्याकडे होते, हे त्याला ठाऊक. "दाजी, तुम्हाला यातलं कळतं. पहिल्यांदा घेणाऱ्यानं कुठलं घ्यावं तेवढं सांगा," असे त्याने विचारले. त्याला जे सांगितले तेच इथे जरा विस्ताराने मांडतो, कारण हा प्रश्न एकट्या त्याचा नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. बिदर-कलबुर्गीकडच्या व्यापाऱ्याने भीतीपोटी हातातले हत्यार घेऊ नये. घेतले तर ते त्याला वाचवण्याची शक्यता कमी आणि घरात नवे संकट आणण्याची शक्यता जास्त. आता कारणे.

पहिली गंमत अशी की आपल्याकडे 'कोणते' या प्रश्नाला फारसा अर्थच नाही. इंग्रजी सिनेमात दिसते तसे दुकानात जाऊन दहा प्रकार हाताळून बघणे इथे नाही. ९ मिलिमीटरचे पिस्तूल, पॉइंट अडतीसचे रिव्हॉल्व्हर ही प्रतिबंधित बोअरमध्ये येतात, सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकातच सर्वसामान्यांसाठी बंद झाली. त्यामुळे नवख्यासमोर उरते ते मुख्यतः देशी बनावटीचे पॉइंट बत्तीस बोअर. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली 'निर्भीक' नावाचे रिव्हॉल्व्हर काढले. वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास, आणि जाहिरात महिलांच्या संरक्षणासाठी म्हणून. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड २०२१ मध्ये मोडून त्याच्या सात कंपन्या झाल्या. त्यांतल्या कानपूरच्या कंपनीने २०२३ मध्ये 'प्रबल' हे बाजूला उघडणाऱ्या चक्राचे रिव्हॉल्व्हर आणले. पिस्तूल हवे असेल तर त्याच बोअरमध्ये 'अशनी' आहे.

यांतले एक निवडायचेच झाले तर नवख्याने रिव्हॉल्व्हर घ्यावे. त्यात किती काडतुसे आहेत ते चक्र उघडले की डोळ्यांना दिसते. एखादे काडतूस फुटले नाही तर पुन्हा चाप ओढला की पुढचे काडतूस समोर येते. पिस्तुलाचे तसे नाही. मॅगझिन काढले म्हणजे ते रिकामे झाले असे नवख्याला वाटते, पण एक गोळी आत नळीपाशी बसलेलीच असते. 'रिकामे' पिस्तूल साफ करताना माणूस दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागे बहुतेक वेळा हीच एक गोळी असते. रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो, त्यामुळे नेम चुकतो, हे खरे. पण तोच जडपणा नवख्याला चुकून गोळी सुटण्यापासून वाचवतो.

झाली निवड. एवढे दोन परिच्छेद पुरतात. आता खरी गोष्ट.

शस्त्र कायदा १९५९ चा. परवान्यासाठी वय २१ पूर्ण हवे. पोलिसांचा अहवाल लागतो. २०१६ च्या नियमांनी अर्जदाराकडून दोन गोष्टी मागितल्या: शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि ते घरात सुरक्षित ठेवण्याची हमी. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतील असे केले, परवान्याची मुदत पाच वर्षे केली, आणि लग्नात-मिरवणुकीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला. काडतुसे एका वेळी किती आणि वर्षाला किती, हेही परवान्यावर लिहिलेले असते.

आमच्या टेबलावर येणाऱ्या अर्जांत या कागदांची पूर्तता असायची, पण त्यांमागचा विचार क्वचितच असायचा. 'सुरक्षित ठेवण्याची हमी' म्हणजे काय? हत्यार कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात, किल्ल्या पोरांच्या हाती लागणार नाहीत अशा. हे पाळले तर घर सुरक्षित. पण मग दरोडेखोर समोर उभा राहिला की दोन कुलपे उघडून, सहा काडतुसे भरून त्याला थांबवणार कसे? आणि हे पाळले नाही, भरलेले रिव्हॉल्व्हर उशाखाली किंवा गल्ल्याच्या खणात ठेवले, तर ते घरातल्या प्रत्येकाच्या हाताशी आले. जे हत्यार घरच्यांसाठी बिनधोक ते चोरासमोर निरुपयोगी, आणि जे चोरासमोर उपयोगी ते घरच्यांसाठी धोक्याचे. पोलीस आणि सैनिक यातून वाट काढतात ती नेहमीच्या सरावाने आणि शिस्तीने. तालुक्याच्या गावातला अडत्या गोळी झाडून हात बसवणार कुठे? वर्षानुवर्षे एकही गोळी न झाडलेला हात त्या एका क्षणी बरोबर चालेल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

त्या बाजूच्या लोकांसाठी आणखी एक भानगड आहे, ती म्हणजे सीमा. भालकीचा व्यापारी सकाळी उदगीरला, दुपारी जहिराबादला. एकाच दिवसात कर्नाटक, महाराष्ट्र, तेलंगणा. आळंदचा माणूस सहज सोलापूरला जातो. परवाना मात्र कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे ते त्याच्यावर लिहिलेले असते. कर्नाटकापुरता परवाना असलेले रिव्हॉल्व्हर कमरेला लावून माणूस उदगीरच्या मोंढ्यात उतरला की तो गुन्हेगार ठरू शकतो. आपली बोली, सोयरीक आणि बाजारपेठ १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतरही सीमा ओलांडून चालू राहिली. परवाना तसा आपोआप चालत नाही.

आणि समजा, वेळ आलीच आणि गोळी झाडली. मग? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा अधिकार आहे. आधी तो दंडसंहितेत होता. पण तो गरजेपुरताच आहे. समोरच्याला रोखायला जेवढे लागेल तेवढेच. पैसे टाकून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर संरक्षण संपून दुसरेच काही सुरू होते, आणि त्याचे उत्तर कोर्टात द्यावे लागते. गर्दीच्या चौकात चुकलेली गोळी भाजीवालीला लागली तर तेही तुमच्याच खात्यावर.

पुष्कळांना हे सगळे कळते, तरी हत्यार हवेसे वाटते. ते का, हे समजून घ्यायला हवे. नुसते हसण्यावारी नेऊन चालणार नाही.

त्या मुलखाची आठवणच तशी आहे. बिदर आणि तेव्हाचे गुलबर्गा, दोन्ही जिल्हे निजामाच्या राज्यात. बसवकल्याणजवळच्या गोरटा गावात १९४८ च्या मे महिन्यात रझाकारांनी केलेले हत्याकांड आजही घराघरांत सांगितले जाते. सासऱ्यांच्या घरी 'तेव्हा आपल्याकडे बंदूक असती तर' हे वाक्य मी कितीदा ऐकले आहे. त्या वाक्यातले दुःख खरे आहे. पण इतिहास तिथेच थांबत नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य आत आले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. रझाकारांचा जुलूम संपला तो एका राज्यसंस्थेच्या पाच दिवसांच्या कारवाईने. त्यानंतर काय झाले तेही त्याच मुलखात घडले. पंडित सुंदरलाल समितीने आपल्या अहवालात त्या दिवसांत मारल्या गेलेल्या माणसांचा आकडा २७ ते ४० हजार असा धरला. त्यांत मुसलमान बहुसंख्य होते, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडबरोबर बिदर आणि गुलबर्गा होते. म्हणजे 'तेव्हा आपल्याकडे बंदूक असती तर' हे वाक्य त्या गावांतल्या दुसऱ्या आळीतही म्हटले जात असणार. एका आळीने भीतीने हत्यार घेतले की दुसरी आळी ते बघून घेणार. ज्या गावात दोन्ही बाजूंना अशा आठवणी आहेत, तिथे हे जास्तच जपायला हवे.

खंडेनवमीला आपण शस्त्रे पुजतो. भालकीजवळच्या मैलारचा खंडोबा हातात खड्ग घेऊन उभा आहे. बिदर आणि कलबुर्गीच्या किल्ल्यांवरच्या प्रचंड तोफा पोरे आजही चढून बघतात. शस्त्राबद्दल आदर असण्यात काही वावगे नाही. पण पूजेतले शस्त्र वर्षातून एकदा बाहेर येते, सगळ्यांसमोर येते आणि पुन्हा जागेवर जाते. कमरेचे रिव्हॉल्व्हर लपून असते आणि रोज असते. दोन्हींना एकच मान देणे बरे नव्हे.

आमच्या गोव्यात सत्तरी-सांगेकडच्या शेतकऱ्यांकडे पीक राखण्याच्या परवान्याच्या बंदुका असतात. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायच्या, निकालानंतर परत आणायच्या. रानडुकराने भात लोळवले की त्या माणसाचे वर्ष जाते, हे मला ठाऊक आहे. त्याची लांब नळीची बंदूक म्हणजे कोयत्या-कुदळीच्या जातीचे अवजार. हातात मावणारे रिव्हॉल्व्हर तसे नाही. त्याच्यापुढे एकच लक्ष्य असते, माणूस. (बिदरकडे तुरीत काळवीट शिरतात म्हणून कुणी परवान्याचा विचार करत असेल, तर काळविटाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, हे आधी वाचावे.)

बंदुकीने संरक्षण होते का, याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. वचनसाहित्याचे मोठे अभ्यासक एम. एम. कलबुर्गी यांना ३० ऑगस्ट २०१५ च्या सकाळी धारवाडला त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घातल्या गेल्या. त्याआधी पुण्यात २०१३ मध्ये दाभोलकर, कोल्हापुरात २०१५ मध्ये पानसरे, दोघेही सकाळी फिरायला निघालेले असताना. मारणारा वेळ निवडतो, जागा निवडतो, आणि दोन-तीन सेकंदांत काम उरकतो. अशा वेळी बळी पडणाऱ्याच्या खिशात काय आहे याने फरक पडत नाही. बिदरच्या चौकातही तेच झाले.

शेवटची गोष्ट बोलायला अवघड आहे, पण बोलतो. तुरीचा भाव कोसळला, उधारी बुडाली, कर्ज अंगावर आले, असे दिवस अडत्याच्याही घरात येतात. पोरगा नापास होतो, नवरा-बायकोचे कडाक्याचे भांडण होते. अशा एखाद्या काळ्या रात्री हाताशी काय आहे यावर पुष्कळ काही ठरते. घरात बंदूक असली की आत्महत्येने मरण्याचा धोका वाढतो, असे अमेरिकेतल्या अभ्यासांनी १९९० च्या दशकापासून पुन्हा पुन्हा दाखवले आहे. इतर बऱ्याच मार्गांत माणूस मागे फिरू शकतो, शेजारी धावून येऊ शकतात. गोळी तेवढा वेळ देत नाही. मेव्हण्याला मी चोराबद्दल कमी आणि याबद्दल जास्त बोललो.

मग व्यापाऱ्याने करायचे काय? रोकड कमी करायची. शेतकऱ्याचे पैसे थेट त्याच्या खात्यात जमा करायचे. जी रोकड न्यावीच लागते ती रोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने नेऊ नये. एकट्याने नेऊ नये. चार अडत्यांनी मिळून एक गाडी आणि प्रशिक्षित सशस्त्र रखवालदार ठेवावा. खर्च वाटला जातो आणि हत्यार ज्याचा तो पेशा आहे त्याच्या हाती राहते. दुकानाचा विमा उतरवावा. बाजार आवारात कॅमेरे आणि पोलिसांची गस्त यासाठी बाजार समितीकडे सगळ्यांनी मिळून तगादा लावावा. यात कुठलीही मर्दुमकी नाही, पण माणूस संध्याकाळी घरी येतो.

एवढे ऐकूनही ज्याला घ्यायचेच आहे, त्याने आधी प्रशिक्षण घ्यावे, मग भिंतीत पक्की तिजोरी बसवावी, मग घरातल्या बाईमाणसांना आणि कळत्या पोरांना समोर बसवून त्यांची संमती विचारावी. हत्यार आले तर ते त्यांच्याही घरात येणार आहे. त्यांतले एक जरी 'नको' म्हणाले तर अर्ज भरू नये. सगळे 'हो' म्हणाले, तर पॉइंट बत्तीसचे साधे रिव्हॉल्व्हर घ्यावे, आणि ते कधीच झाडावे लागू नये अशीच इच्छा धरावी.