स्पीकर आणले, स्टँडचं काय?

चांगले स्पीकर आणायचे आणि टीव्हीच्या कपाटात कोंबायचे, ही आपल्या बऱ्याच घरांतली रीत. मग लताबाईंचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो आणि दोष स्पीकरला! खरं तर फळी थरथरते, अन् भिंत जवळ असली की खर्ज फुगतो.

स्टँड घेताना आम्ही आधी टेप काढतो, मग पाकीट. नेहमीच्या जागी बसून जमिनीपासून कानापर्यंतची उंची मोजा. बहुधा ९० ते १०० सेंटीमीटर भरते. स्पीकरच्या तळापासून ट्वीटरच्या, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या भोंग्याच्या, मध्यापर्यंतचं अंतर त्यातून वजा करा. उरेल ती स्टँडची उंची.

वजनात मात्र कंजुषी नको. इस्रायलात आपल्या सलोनमध्ये फरशी गुळगुळीत आणि शुक्रवारी नातवंडांची धावपळ. हलका स्टँड एका धक्क्यात आडवा होतो. खाली पोर असलं तर? पाया रुंद, जड हवा. भरण्याजोगा पोकळ खांब असेल तर धुतलेली कोरडी वाळू घाला. (समुद्रावरची फुकटची नको, मीठ लोखंड खातं.) टोकदार पायांखाली चकत्या ठेवा, नाहीतर फरशीवर चरे पडतील. वायर खांबाला बांधून टाका.

घरात रांगतं मूल असेल तर दोन-तीन वर्षं भिंतीवरचा ब्रॅकेटच बरा, आवाज थोडा उणा वाटला तरी. तोही पक्क्या भिंतीत, जिप्समच्या आडभिंतीत नव्हे.