पाण्यावर फिरणारं जातं

दोस्तांनो,

बुलडाणा जिल्ह्यातल्या सुलतानपूरहून सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, "सकाळी शिकवणी, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा शिकवणी. डोकं नुसतं गरगरतं. टीव्हीवर हॉलंडच्या जुन्या पवनचक्क्या पाहिल्या. तिथं जाऊन दिवसभर नुसतं बसावंसं वाटलं. पण एवढ्या लांब कोण नेणार?"

हॉलंड लांब आहे खरं. तिथल्या किंडरडाइक गावाजवळ १९ पवनचक्क्या आहेत, त्यातल्या बहुतेक १७४०च्या सुमाराच्या. वाऱ्यानं पाती फिरायची आणि सखल जमिनीत साचलेलं पाणी उपसलं जायचं.

पण मैत्रिणी, तुझ्या गावावरून जाणारा रस्ता सिंदखेडराजा, जालना करत छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला पोचतो. तिथं खाम नदीकाठी सुमारे तीनशे वर्षांपूर्वीची पाणचक्की आहे! तिकडे वारा पाणी उपसायचा, इकडे पाणी दळण दळायचं.

बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांच्या दर्ग्याच्या आवारात ही चक्की आहे. फकीर, यात्रेकरू आणि सैनिक यांच्यासाठी इथं पीठ दळलं जाई. पाणी यायचं काही किलोमीटर दूरच्या डोंगरातून, जमिनीखाली पुरलेल्या मातीच्या नळांमधून. ना वीज, ना पंप. डोंगर उंच, चक्की खाली, म्हणून पाणी आपसूक धावायचं. चक्कीखाली पात्यांचं आडवं चाक. पाण्याचा जोर पात्यांवर बसला, की चाकाचा दांडा फिरे आणि वरची तळी गरगर फिरू लागे. समोरच्या हौदाची गंमत तर औरच. त्याचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छप्पर! म्हणून ऐन उन्हाळ्यातही खाली गारवा.

आणखी एक गोष्ट सांगतो. या नळांच्या वाटेवर मध्येमध्ये मनोरे बांधले होते. आत कोंडलेली हवा त्यातून बाहेर पडे आणि दाब सांभाळला जाई. नाहीतर नळ फुटलेच असते. आपल्या डोक्याचंही तसंच नाही का? चाचण्या, गुण, पहिला नंबर... मध्ये कुठंतरी हवा जायला जागा हवीच.

आईबाबा, आता तुमच्याशी दोन शब्द. मुलांना एखाद्या रविवारी नक्की न्या. पण परतताना "काय काय पाहिलंस, सांग" अशी तोंडी परीक्षा घेऊ नका. सहलीवर निबंधही नको. हौदाकाठच्या जुन्या वडाखाली डबा उघडा आणि बसा. तुमचंही डोकं दुखतच असेल की! चक्की फिरताना दिसेलच असं नाही. जुन्या नहरींची बरीच मोडतोड झाली आहे. तरी मन रमतं. तेवढंही लांब वाटलं, तर लोणारचं सरोवर तुमच्या अगदी शेजारीच आहे.

आणि दोस्तांनो, सुट्टी होऊनही छातीतली धडधड थांबत नसेल, झोप लागत नसेल, तर गप्प बसू नका. आईला, बाबांना, आवडत्या बाईंना सरळ सांगा. सांगणं म्हणजे रडेपणा नव्हे. तोसुद्धा एक मनोराच!

तुम्ही कुठं जाऊन निवांत बसता? पत्रातून कळवा हं.