उल्हासनगरची संध्याकाळ कोणत्या भाषेत?

दूरचित्रवाणीचा समाजावर होणारा परिणाम हा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वळणाने जाते. कारस्थानी सासवा, भरजरी साड्या नेसून स्वयंपाकघरात वावरणाऱ्या सुना, जाहिरातींतील अंगप्रदर्शन, अभ्यास सोडून पडद्यासमोर बसलेली मुले! या तक्रारी खोट्या नाहीत. पण त्या सगळ्या डोळ्यांच्या आहेत. कानांवर काय संस्कार झाला, याची विचारपूस सहसा होत नाही. ती करावयाची तर कल्याणपलीकडील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शेजारी शहरांसारखे ठिकाण नाही.

ही तीनही शहरे लोकलच्या वेळापत्रकावर जगतात. बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटर दूर. पहाटे घर सोडलेला चाकरमानी परततो तो दिवेलागण केव्हाच उलटून गेल्यावर. सारे कुटुंब एकत्र असण्याचा काळ म्हणजे रात्रीचे जेमतेम दोन तास, आणि नेमके तेच वाहिन्यांचेही सुगीचे तास. मुंबईच्या पोटातल्या माणसाला संध्याकाळी थोडी उसंत तरी असते. येथे मात्र मुलांशी बोलावयाचे ते मालिकेच्या जाहिरातींत. त्यामुळे संच कोणत्या भाषेत बोलतो, हा प्रश्न या शहरांत घराच्या भाषेचाच प्रश्न होऊन बसतो.

मराठी घरांपुरते पाहिले तर या कथेचा शेवट तसा बरा झाला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि अँटेना वरळीच्या दिशेने फिरवत लोकांनी ‘गजरा’ पाहिला, ‘आमची माती आमची माणसं’ पाहिले. १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि रात्रीचा ऐन वेळ हिंदीकडे गेला. नव्वदीच्या दशकात उपग्रह वाहिन्यांनी उरलासुरला वेळही घेतला. मराठीचे आता कसे होणार, अशी चिंता तेव्हा रास्तच होती. परंतु १५ ऑगस्ट १९९९ रोजी ‘अल्फा मराठी’, पुढील वर्षी ‘ईटीव्ही मराठी’ आली, आणि जुलै २००० मध्ये सुरू झालेल्या ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’च्या झंझावातातही मराठी घरांत मराठी ऐकू येत राहिली. त्या मराठीतही ‘मी तुझी मदत करते’ असली हिंदीची उसनवारी शिरली, हे खरे. तरी रोगी जगला. जगला, कारण त्याच्यामागे कोट्यवधींचा बाजार होता.

उल्हासनगरच्या सिंधी घराला हा बाजार नव्हता. फाळणीत घरदार, शेती, मंदिरे मागे टाकून आलेल्या सिंधी हिंदूंना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. आजही तेथील पत्ता ‘कॅम्प नंबर’ सांगितल्याशिवाय पुरा होत नाही. त्या बराकींतून या समाजाने कोणापुढे हात न पसरता कारखाने आणि बाजारपेठा उभ्या केल्या. धर्म टिकवला, झूलेलालचा चेटीचंड टिकवला. भाषा मात्र हातातून निसटत आहे. आजी सिंधीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो. या घरांतील एखाद्या संध्याकाळी हे सहज अनुभवास येते.

याचा दोष एकट्या दूरचित्रवाणीचा नव्हे. व्यापाराला हिंदी लागते, शिक्षणाला इंग्रजी. मुलांना सिंधी शाळेत घालणे पालकांनीच कमी केले. पण सिंधीची एक विशेष अडचण आहे. निर्वासित पिढी अरबी वळणाची लिपी वाचत होती. भारतात देवनागरीही स्वीकारली गेली, आणि दोन लिप्यांच्या वादात नव्या पिढीच्या हाती बहुधा एकही नीट लागली नाही. आजोबांच्या कपाटातील पुस्तक नातवाला वाचता येत नाही. अशा भाषेला ऐकण्यावाचून दुसरा आधार नसतो. त्यातही सिंधीत ग, ज, ड, ब यांचे श्वास आत ओढल्यासारखे उच्चारावयाचे चार वेगळे वर्ण आहेत. गाव, मूल, इतकेच काय, जीभ या अर्थाचे सिंधी शब्दही त्यांच्यावाचून उच्चारता येत नाहीत. हे ध्वनी ना हिंदीत आहेत, ना मराठीत. लहानपणी ते कानांवर पडले नाहीत तर पुढे जिभेवर बसणे फार कठीण.

म्हणूनच ‘सिंधी संगत’ या संस्थेने दूरदर्शनची चोवीस तासांची सिंधी वाहिनी मागितली, ती मागणी चैनीची नव्हती. प्रसार भारतीचे म्हणणे असे की, देशातील सिंधी भाषकांची संख्या पाहता अशी वाहिनी चालविणे परवडणारे नाही. गिरनार, राजस्थान आणि सह्याद्री या वाहिन्यांवर सिंधी कार्यक्रम असतातच. मे २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला. भाषा जपण्याचे अन्य मार्गही आहेत, असा त्याचा आशय होता.

कायद्याच्या चौकटीत निर्णय बरोबर असेल. वाहिनी सुरू करणे हे न्यायालयाचे काम नव्हे. परंतु संख्येचा हा युक्तिवाद तपासून पाहण्याजोगा आहे. २०११ च्या जनगणनेत सिंधी भाषक सुमारे २७ लाख ७२ हजार. त्याच जनगणनेत अरुणाचल प्रदेशाची सारी लोकसंख्या चौदा लाखांच्या आत होती; तरी फेब्रुवारी २०१९ मध्ये त्या राज्यासाठी ‘डीडी अरुणप्रभा’ ही चोवीस तासांची वाहिनी सुरू झाली, आणि ते योग्यच झाले. सीमेवरच्या माणसाला देशाचा आवाज त्याच्या जवळचा वाटला पाहिजे. मग सिंधीचे न्यून काय? तिला राज्य नाही, एवढेच. १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग असलेला सिंध प्रांत फाळणीत गेला. भाषक मात्र देशभर विखुरले. १९६७ मध्ये संविधानाच्या आठव्या अनुसूचीत सिंधीला स्थान देताना ती कोणत्या राज्याची, हे कोणी विचारले नव्हते. विखुरलेपणाची शिक्षा आता प्रक्षेपणाच्या हिशेबात का व्हावी?

मोबाईलवर हवे तितके सिंधी गाणे आणि नाटक मिळते, मग वाहिनी कशाला, असा एक प्रश्न येतो. मिळते, हे खरे. संत कंवरराम यांच्या भगतीची परंपराही तेथे शोधता येते. पण मोबाईल शोधणाऱ्यालाच सापडतो आणि एकेकट्यानेच पाहिला जातो. नातू हेडफोन लावून त्याचे काही पाहतो, आजी तिचे. दूरचित्रवाणी संच अजूनही बैठकीच्या खोलीत असतो आणि न मागताही कानांवर येतो. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा दाखविले गेले, तेव्हा तीन पिढ्या त्याच्यासमोर एकत्र बसल्या, हे साऱ्या देशाने पाहिले.

चोवीस तासांची वाहिनी आज जड वाटत असेल तर सह्याद्रीवर रात्री आठ ते नऊ हा एक तास सिंधीला देता येईल का, याचा निर्णय घ्यावयास न्यायालयाची गरज नाही. मात्र दुपारी तीनचा वेळ देऊन काही साधणार नाही. त्या वेळी नातू शाळेत असतो, वडील दुकानात, आणि सिंधी ऐकावयास घरात एकटी आजी. तिला ती येतेच.