दुसरी सही

साठी उलटलेल्या पुरुषाला रात्री चारचारदा उठावे लागले, की घरातले म्हणतात, ‘वय झालं, चालायचंच!’ बहुधा ते खरेही असते. प्रोस्टेट ग्रंथी वयाबरोबर वाढतेच. पण कधी रक्तातली पीएसए चाचणी शंका उत्पन्न करते. मग सुईने ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासायला पाठवतात. कर्करोग आहे की नाही, याचा निवाडा त्या तुकड्यांवर होतो.

तुकडा मेणात बसवून केसाहून पातळ काप घेतात आणि ते रंगवतात. रंगाशिवाय सूक्ष्मदर्शकातही फारसे उमजत नाही. हिमॅटॉक्सिलिन हा मूळचा मेक्सिकोकडच्या एका झाडाच्या लाकडातला रंग. तो पेशींची केंद्रके निळी-जांभळी करतो. इओसिन उरलेला भाग गुलाबी करतो. शंभराहून अधिक वर्षे ही जोडी चालत आली आहे. १९६६ साली डॉ. डोनाल्ड ग्लीसन यांनी पेशींच्या मांडणीवरून रोगाची प्रतवारी लावली; सुधारून ती आजही वापरतात.

तरी काही तुकडे चकवतात. निरोगी ग्रंथींना तळपेशींचा थर असतो, कर्करोगात तो नाहीसा होतो. नेहमीच्या रंगात तो दर वेळी ओळखता येत नाही. अशा वेळी प्रतिपिंडांचे रंग मदतीला येतात. पी६३ हा तळपेशींना रंगवतो, तर एएमएसीआर बहुधा कर्करोगाच्या पेशींना. अर्थात हेही गणित सरधोपट नाही. सगळे एकत्र वाचणारी अनुभवी नजर लागतेच.

बँकेत मोठ्या रकमेला दुसऱ्या अधिकाऱ्याची सही लागे. त्यात पहिल्यावर अविश्वास नसे. मग शरीराच्या व्यवहारात दुसरी सही मागायला आपण का संकोचावे? शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव आपण दहा जणांना विचारतो; काच वाचणाऱ्याचे एकालाही नाही.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात लोणीला १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईचे टाटा रुग्णालय तर १९४१ पासूनचे. दुसऱ्या मतासाठी थकल्या माणसाला एसटीत बसवायलाच हवे असे नाही. मेणाचा ठोकळा आणि काचा घेऊन मुलगा किंवा मुलगी जाऊ शकते. म्हणून अहवाल संदिग्ध असेल तर नि:संकोच विचारा : जादा रंग लावले का? दुसऱ्या तज्ज्ञाने पाहिले का? आणि तो ठोकळा घराच्या कागदपत्रांइतकाच जपा. एखाद्याची नको असलेली शस्त्रक्रिया त्याने टळेल, एखाद्यावर वेळेत उपचार सुरू होतील.