कौलाखालचा खिळा
वैशाख सरत आला की कोकणात कौलं परतायची लगबग सुरू होते. जुनी कौलं उतरतात, फुटकी बाजूला पडतात, वासे-रिपा उघड्या होतात. नेमकं तेव्हाच खिळ्यांकडे बघायला हवं. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं. त्या ओढाताणीत खिळा वर येतो, खाऱ्या हवेनं गंजतो आणि रीप बोटानं दाबली तरी हलते. अनेकजण तोच खिळा त्याच भोकात पुन्हा ठोकतात. हे चूकच! सैल झालेलं भोक खिळा धरत नाही. तो उपटून शेजारी, नव्या जागी, जस्ताचा मुलामा दिलेला लांब खिळा किंवा स्क्रू वाशात खोल बसवावा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीत हजारो घरांची छपरं मोडली. म्हणून कौलं चढण्याआधी सुताराला एक दिवस जास्तीचा द्याच.