काकतालीय न्याय आणि डाकीण

योगायोगानें घडलेल्या गोष्टीस आपले शास्त्रकार ‘काकतालीय’ म्हणत आले. कावळा ताडावर बसला व त्याच क्षणीं फळ गळून पडलें. यांत कावळ्याचें कर्तृत्व तें काय? इतका स्पष्ट इशारा पदरीं असतां आम्ही रोज उठून कावळ्यासच दोषी ठरवीत असतों, हें आश्चर्य नव्हे काय?

हा दोष केवळ अडाण्यांचा, असें ज्यांस वाटतें त्यांनीं लंडन शहराचें उदाहरण पाहावें. १९४४ सालीं त्या शहरावर जर्मनांचे उडते बाँब पडूं लागले, तेव्हां ते कांहीं ठिकाणींच पुंजक्यांनीं पडतात, असा समज पसरला. पुढें १९४६ सालीं आर. डी. क्लार्क या विमा-गणितज्ञानें दक्षिण लंडनच्या १४४ चौरस किलोमीटर भागाचे ५७६ सारखे चौकोन पाडून त्यांतील ५३७ बाँबांचा हिशेब प्रसिद्ध केला. निव्वळ यदृच्छेनें बाँब पडले असते तर सुमारें २२७ चौकोन कोरे राहावयास हवे होते. प्रत्यक्षांत २२९ राहिले. एकच बाँब पडलेले चौकोन गणितानें २११ येत होते. मोजणींतही २११ च भरले. त्या भागांत नेम धरल्याची खूण कोठेंच नव्हती. मूठभर तांदूळ जमिनीवर फेकले तरी कोठें पुंजका होतो, कोठें जागा मोकळी राहते. यदृच्छेचें रूपच असें आहे. परंतु आपलें मन पुंजका पाहतांच ‘हा कोणीं केला?’ असें विचारतें.

मन असें कां झालें? गवत हाललें कीं वाघ आला असें समजून पळणारा शंभर वेळां फसला तरी त्याचें फारसें गेलें नाहीं. वारा असेल म्हणून बसून राहणारा एकदां फसला कीं संपला. आम्ही त्या पळणाऱ्यांचे वंशज आहोंत. ही खोड मनुष्याचीच नव्हे. १९४८ सालीं बी. एफ. स्किनर यांनीं भुकेल्या कबुतरांस, तीं कांहींही करोत, ठराविक वेळानें दाणे मिळतील अशी व्यवस्था केली असल्याचें प्रसिद्ध केलें. त्यांतील एखादें गिरक्या घेऊं लागलें, एखादें मान हालवूं लागलें. जणूं त्यामुळेंच दाणा येतो!

कबुतराच्या गिरकीनें कोणाचें नुकसान होत नाहीं; मनुष्याच्या होतें. पाड्यावर पंधरवड्यांत दोन मुलें दगावतात, एक गाय मरते, आणि दारावरून गेलेली एखादी निराधार विधवा कोणास तरी आठवते. तिला डाकीण ठरवितात. मारहाण होते, गांव सुटतो, प्रसंगीं जीवही जातो. दूषित पाणी मात्र तसेंच राहतें व पुढच्या मुलाची वाट पाहतें.

महाराष्ट्रांत २०१३ सालीं झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानें असा आरोप करणें हा गुन्हा ठरविला. त्या कायद्यासाठीं अनेक वर्षें झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षीं २० ऑगस्ट रोजीं पुण्यांत खून झाला, हें कोणीही विसरूं नये. परंतु कायदा मारणाऱ्याचा हात धरील; पाहणाऱ्याची दृष्टि त्यास कशी सुधारतां येणार?

त्यासाठीं हिशेब शिकविला पाहिजे. ती दारावरून गेली व मूल आजारी पडलें, हा एक रकाना. ती गेली व मूल खेळत राहिलें. ती गेली नाहीं, तरी मूल आजारी पडलें. ती गेली नाहीं व मूलही बरें राहिलें. हे उरलेले तीन रकाने कोण भरतो? सोईच्या तेवढ्याच रकमा वहींत मांडणाऱ्या दुकानदारास आम्ही लबाड म्हणतों, आणि तोच प्रकार माणसाच्या जिवाच्या बाबतींत खुशाल करितों! हे चार रकाने दहा वर्षांच्या मुलासही समजतील. शिक्षकांनीं ते उद्यांच फळ्यावर मांडावेत. त्यास ना खर्च लागतो, ना सरकारी हुकूम.